एका गोवरीचं पाणी

नेकनूरच्या पेठेमागे आश्रुबाचं घर होतं. माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, पुढं मोकळं अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात तुराट्यांचा कूड घातलेली न्हाणी. घराचा मालक आश्रुबा होता, निदान सारा भरायची वेळ आली की पटवारी तरी त्यालाच हाक मारायचा. कोठीच्या किल्ल्या त्याच्या बायकोच्या, कडूबाईच्या कमरेला होत्या. पण दिवाळी झाली की शिमग्यापर्यंत त्या घरावर खरा अंमल चालायचा तो आश्रुबाच्या थोरल्या बहिणीचा, बायडाबाईचा. कारण घरातलं ऊन पाणी तिच्या हातात असायचं. पौषातल्या पहाटे ऊन पाणी ज्याच्या हातात, त्याच्यापुढं मालक काय नि किल्लीवाली काय, सगळे कुडकुडत उभेच.

बायडाबाईला कड्याला दिलं होतं. अंगाची हळद फिटायच्या आत नवरा पटकीनं गेला. सासरच्यांनी गाडी जुंपून तिला माहेरी आणून सोडलं आणि गाडी वळवताना कुणी मागं पाहिलं नाही. त्याला आता इतकी वर्षं झाली होती की नवऱ्याचा चेहरा आठवायला गेलं तर नेमका दिराचाच समोर यायचा. पण रडून दिवस काढणाऱ्यांतली ती नव्हती. अंगानं बुटकी, आवाजानं खणखणीत, आणि कुणाची फजिती बघायला मिळणार असेल तर तव्यावरची भाकरी करपू देईल इतकी हौशी.

हे ऊन पाणी ज्यात तापायचं तो बंब तिच्या बापानं आणला होता. बीडच्या कचेरीतला एक पेशकार बदली होऊन हैदराबादेला निघाला, तेव्हा त्याचं सामान वाहायला बापाची गाडी बेगारीला धरली. सामान काही मावेना. शेवटी पेशकाराच्या बेगमनं पडद्याआडून बंबाकडं बोट केलं आणि ‘ये छोड दो’ म्हणाली. अशा रीतीनं ते तांब्याचं धूड नेकनूरला आलं. हे काय आहे तेच कुणाला कळेना. मधोमध नळा, खाली लोखंडी जाळी, बाजूला पितळी तोटी. बाप म्हणाला, दारूची भट्टी असेल. आईनं त्यात हरभऱ्याचं बी भरून ठेवलं. नळ्यात जाळ आणि भोवती पाणी, हे कोडं सोडवलं ते बायडाबाईनं, आणि त्या दिवसापासून बंब तिचा झाला. दुसऱ्या कुणी पेटवायला घेतला तर तो नुसताच धुरायचा, कारण खालची जाळी काढून कुठं दडवलीय हे फक्त तिलाच ठाऊक होतं.

मग हिवाळाभर तिचा दरबार भरायचा. ज्याच्यावर मर्जी त्याला पहिल्या वाफेचं पाणी, ज्याच्यावर रोष त्याला सगळ्यात शेवटचं. भाचा बद्रीनाथ एकदा तिच्या भाकरीला जाड म्हणाला, तर पोळा उलटून दिवाळी गेली तरी ती ते विसरली नव्हती. पहिली थंडी पडली आणि त्याला आंघोळीला दुपार व्हायला लागली. आश्रुबा तर मार्गशीर्ष लागला की प्रत्येक भांडणात बहिणीची बाजू घ्यायचा. राहता राहिली कडूबाई. नणंदेशी तिचं वैर तसं जुनं, पण दोघींनीही ते लोणच्यासारखं जपून वापरलं होतं. कडाक्याचं भांडण कधी नाही, आणि एक दिवस टोमण्याशिवाय गेला असंही नाही.

पण होळी पेटली की बायडाबाईचं राज्य खालसा व्हायचं. बीडकडचा उन्हाळा म्हणजे आडाचं पाणी काढून ठेवलं की ते आपसूक कोमट. ऊन पाणी मागतो कोण? बंब कोपऱ्यात उपडा पडायचा आणि बायडाबाई ओसरीवर वाती वळत बसायची. घरातली माणसं तिच्यावरून अशी ये-जा करायची की जणू ती ओसरीचा खांबच आहे. दिवाळी होऊन गारठा सुटेपर्यंत तिचे दिवस असेच जायचे.

हैदराबादेत मुसी नदीला मोठा पूर आला, त्याच्या पुढच्या एखाद्या सालातली गोष्ट. पाडव्याची गुढी उतरवता उतरवता कडूबाईनं विषय काढला.

“वन्सं, मी काय म्हनते, ह्यो बंब औंदा मोडीत देऊन टाकू.”

मोडीत देणं म्हणजे जुनं तांबं तांबटाला वजनावर घालायचं आणि त्याच्या बदल्यात नवी भांडी घ्यायची. अखिती, म्हणजे अक्षय तृतीया, झाली की बीडचा पंडित तांबट तट्टावर भांडी लादून नेकनूरला यायचाच. कडूबाईला एकसारख्या घागरींची उतरंड हवी होती. तशी पाटलाच्या रतनबाईच्या घरात दारासमोरच झळकत होती आणि कडूबाईच्या डोळ्यात सलत होती. पण ती नुसती हौसेचं बोलत नव्हती. उन्हाळ्यात तुराट्या, पळाट्या, गोवऱ्या गोळा करून पावसाळ्या-हिवाळ्यासाठी रचायच्या, आणि त्यातला निम्मा ढीग हा बंब गिळायचा. हे काही खोटं नव्हतं.

बायडाबाई हसली. “दे की बाई. मला काय त्यो वर न्यायचाय?”

असं ती म्हणाली खरी. तिला तांब्याचा लोभ नव्हता. तिला भीती वाटली. तिच्या नावावर ना शेत, ना पोटी पोर. भावाच्या घरी इतकी वर्षं ती ताठ मानेनं राहिली, ती ‘माझ्यावाचून ह्या घराचं अंग भिजत नाही’ एवढ्या एका गोष्टीच्या जोरावर. बंब गेला तर ती काय म्हणून इथं राहणार होती? खाणारं एक तोंड, बास. आणि ते तोंडही असं की गप्प बसत नाही.

तिनं भावाकडं पाहिलं. आश्रुबाला दोघींचीही भीती वाटायची, म्हणून त्याचा न्याय नेहमी मधोमध पडायचा.

“आक्का, तुझा बी शब्द, हिचा बी शब्द,” तो म्हणाला. “आखितीनंतर पंडित येईल, तवर बघू. बंबानं सरपन न खाता पानी दिलं तर ऱ्हाऊ दे. खाल्लं तर जाऊ दे.”

कडूबाईनं त्याच संध्याकाळी सरपणाच्या खोलीला कुलूप घातलं. वर मोठ्या उदार मनानं एक गोवरी बायडाबाईच्या हातावर ठेवली. “ही रोजची एक. एवढ्यात तापवा काय तापवायचं ते.”

त्या गोवरीकडं बघून गीताबाईला हसू फुटलं. गीताबाई म्हणजे बद्रीनाथाची बायको. घरात नवी होती आणि हसू दाबायला अजून शिकली नव्हती. सासूनं डोळे वटारले तशी ती पदर तोंडात कोंबून आत पळाली.

पुढचे काही दिवस बायडाबाईनं रुसून काढले. भांडी घासायला घेतली तर अर्ध्यात सोडून द्यायची. चुलवणावरचा एक जुना हंडा तिनं तसाच काजळीनं माखलेला, पाण्यासकट माळवदावर नेऊन ठेवला. वर कुरडया वाळत घातल्या होत्या, कावळे हाकायचे होते आणि हात धुवायला पाणी लागणार होतं, एवढाच त्यातला हेतू. शेजारी चिंचेनं लख्ख घासलेली एक घागरही होती, तीसुद्धा भरलेली. दुपार कलायला लागली तसा तिनं हंड्यात हात घातला आणि चटकन बाहेर काढला. बोटं पोळली. मग तिनं घागरीत हात घातला. पाणी नुसतं कोमट.

तिनं पुन्हा हंड्यात हात घातला. पुन्हा घागरीत. मग ती कुरडयांच्या मधोमध फतकल मारून बसली आणि एकटीच हसत सुटली. तेवढ्यात कावळ्यांनी कुरडयांची एक आख्खी ओळ उचलली, तरी तिला पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं गीताबाईला गाठलं. “ए पोरी, तुला हिवाळ्यात पयल्या वाफेचं पानी पायजे का न्हाई?”

“पायजे की आत्या.”

“मग सासूला एक अक्षर बोलायचं न्हाई.”

पुढचं कारस्थान दोघींनी मोठ्या झोकात उभं केलं. दोन हंडे घेतले. तव्याची काजळी करडईच्या तेलात कालवून त्यांच्या अंगाला चारी बाजूंनी फासली. सकाळी कडूबाई परसाकडं गेली की हंडे माळवदावर चढवायचे, भरायचे, तोंडावर पराती झाकायच्या. दिवसभर सूर्यनारायण आपलं काम करी. उन्हं कलली आणि कडूबाई डाळ निवडायला शेजारी गेली की मागच्या शिडीनं पाणी खाली आणायचं, बंबात ओतायचं आणि बंबाला गोधडी गुंडाळायची, म्हणजे ऊब राहते. मग माणसं खळ्यावरून यायची वेळ झाली की गोधडी काढून कडूबाईची ती एक गोवरी पेटवायची. तीसुद्धा अर्धीच, आणि जरा पाणी शिंपडून, म्हणजे धूर कसा घरभर दिसला पाहिजे.

पहिल्या दिवशी आश्रुबा खळ्यावरून आला. दिवसभर ज्वारी उफणून त्याच्या अंगाला कूस, म्हणजे कणसांची खाजरी धूळ, चिकटली होती, माणूस खाजवून खाजवून लाल झाला होता. त्यानं न्हाणीत पहिला तांब्या अंगावर घेतला, लगेच दुसरा घेतला. मग आतून आवाज आला.

“आक्का, एका गोवरीत?”

“एका न्हाई,” बायडाबाई शांतपणे म्हणाली. “अर्ध्या. ही बघ उरली.” आणि उरलेली अर्धी गोवरी तिनं कडूबाईच्या पुढ्यात नेऊन ठेवली.

ऊन पाण्यानं कूस कशी निघते आणि अंग कसं हलकं होतं, हे एकदा कळल्यावर बाप आणि लेक दोघंही रोज संध्याकाळी न्हाणीपुढं नंबर लावू लागले. उन्हाळ्यात बायडाबाईचा दरबार पहिल्यांदाच भरला. ती तोटीजवळ पाटावर बसायची, जातीनं तांब्या भरून द्यायची, आणि बद्रीनाथाला विचारायची, “का रे, भाकरी जाड व्हती का आज?”

“लई पातळ व्हती आत्या,” तो म्हणायचा.

एकट्या कडूबाईनं बंबाच्या पाण्याला हात लावला नाही. ती पहाटेच आडावर जाऊन गार पाणी अंगावर घ्यायची आणि परत येताना मोठ्यानं म्हणायची, “काय बाई गार वाटतं.” बायडाबाईला तिचा हा ताठा मनातून आवडायचा. समोरचं माणूस लगेच वाकलं तर खेळायचं कुणाशी?

बातमी पेठेत गेली. एक दिवस पाटलाची रतनबाई मुद्दाम बघायला आली. बंबाभोवती फिरली, तोटी सोडून बोट पोळून घेतलं, राख बघितली. राख चिमूटभर.

“असं कसं वो बायडाबाई?” तिनं विचारलं.

बायडाबाईनं आवाज खाली आणला. “पेशकाराचा बंब हाय, हैदराबादी. पर खरी इद्या गोवरी ठिवन्यात हाय. गोवरीचं तोंड उगवतीला पायजे. आन ठिवताना बोलायचं न्हाई. जाऊबाई मेली तरी बोलायचं न्हाई.”

गोवरीला तोंड कुठल्या बाजूला असतं, हे विचारायचं रतनबाईला सुचलं नाही. तिनं घरी जाऊन मुकाट्यानं एक गोवरी उगवतीला ठेवली, वर पाण्याचा हंडा चढवला आणि पाटलाला आंघोळीला बोलावलं. पाटील पहिल्याच तांब्याला काय बोलले, ते अर्ध्या पेठेनं ऐकलं. बायडाबाईला हे कळलं तेव्हा तिला दोन घास जास्त गेले.

एकदा मात्र पंचाईत झाली. भर चैत्रात आभाळ भरून आलं. सूर्याचं दर्शन नाही. हंडे दिवसभर माळवदावर बसून जसे गेले तसे गार खाली आले. संध्याकाळी आश्रुबा पंचा खांद्यावर टाकून हजर.

“आज शनवार,” बायडाबाई म्हणाली. “बंब शनवारी उपाशी ऱ्हातो.”

“मागल्या शनवारी तर जेवला व्हता,” कडूबाई ओसरीवरून म्हणाली.

“म्हून तर आज बाधलंय त्याला.”

गीताबाईला ठसका लागला. आश्रुबा बिचारा गार पाण्यानं अंग ओलं करून गेला आणि बंबाचा उपास कडक असतो असं खळ्यावर लोकांना सांगत बसला. असल्या माणसाच्या घरात कारस्थान करायला फार अक्कल लागत नाही, हे बायडाबाईलाही कळत होतं, पण तिला आपल्या कारस्थानाचा अभिमान वाटायचा तो वाटायचाच.

अखिती झाली. आता पंडित कधीही येईल, असे दिवस लागले. त्यातच कडूबाईनं माळवदाचं काम काढलं. पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकून, पाणी मारून, चोपण्यानं चोपून घ्यावी लागते. नाहीतर पाऊस सरळ ताटात येतो. बायडाबाईनं हंडे घाईघाईनं उतरवून मागं कडब्याच्या गंजीआड, उन्हाच्या तोंडावर हलवले. तिला वाटलं, निभावलं. पण कडूबाई मातीची पाटी घेऊन सगळ्यात आधी वर गेली. बायडाबाई शिडी चढून पोचते तो कडूबाई खाली बघत उभी. जुन्या मातीवर काजळीची दोन गोल कडी उमटली होती.

“कुरडयाच्या पराती ठिवल्या व्हत्या तितं,” बायडाबाई म्हणाली.

“व्हय का,” कडूबाई म्हणाली, आणि त्यावर माती टाकली.

एवढंच. एक टोमणा नाही की काही नाही. बायडाबाईला टोमणा चालला असता. कडूबाई गप्प बसली की तिला कसंतरी व्हायचं. त्या दिवशी कडूबाई कुणाशी न बोलता संध्याकाळपर्यंत चोपणं आपटत राहिली, आपलं वय विसरून. दुसऱ्या दिवशी उठायला गेली तर कंबर धरलेली. वाकता येईना, बसता येईना. दिवसभर ती भिंतीला धरून चालत होती.

दुपार कलली आणि पेठेच्या बाजूनं घुंगरं वाजली. पंडित तांबटाचं तट्टू. बायडाबाई धावत न्हाणीकडं गेली. आता काय करावं ह्या विचारात ती कुडामागं, नुकत्याच भरलेल्या बंबाजवळ उभी असतानाच कडूबाई कुडाला धरत धरत न्हाणीशी आली. तोंड दुसरीकडं करून म्हणाली, “वन्सं, पाठीला त्याल चोळून जरा ऊन पानी घालताव का?”

बायडाबाईला वाटलं, देव आहे. इतके दिवस जिनं पाण्याला हात लावला नाही ती आपल्या पायानं चालत आली, आणि तीसुद्धा नेमक्या ह्या घटकेला. तिनं कडूबाईला पाटावर बसवलं. करडईचं तेल कोमट करून पाठीवर चोळलं. बंबातून पाणी घेतलं, विसण घातलं आणि दोन तांबे पाठीवर ओतले. कडूबाईच्या तोंडून आपसूक एक सुस्कारा निघाला. तो सुस्कारा बायडाबाईनं मनात नीट गाठ मारून ठेवला.

तेवढ्यात पंडित अंगणात आला. त्याच्या मागोमाग नव्या घागरी बघायला रतनबाई आली. आश्रुबा आणि बद्रीनाथ ओसरीवर होतेच.

“मालक, वैनींचा सांगावा मिळाला, बंब कुठं हाय?” पंडितानं विचारलं. “उजेडी वजन करून घेऊ.”

बायडाबाई ह्याच क्षणाची वाट बघत होती. कुडाच्या आतून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “पंडितराव, जरा दमानं. बंब भरल्याला हाय आन आमची भावजय त्याच्याच पान्यानं आंघोळीला बसलीया. अंगावर निम्मं त्याल हाय. तिलाच इचारा, आत्ता उपडा करून नेता का मग.”

बाहेर रतनबाई खुदकन हसली. आत कडूबाई पाटावर सावरून बसली. तिच्या पाठीवरून पाणी निथळत होतं. बायडाबाई तांब्या धरून उभी राहिली. आता हिला म्हणावंच लागणार, राहू द्या बंब. दुसरं काय म्हणेल?

“पंडितराव,” कडूबाईनं आवाज दिला. “घिऊन जावा.”

बायडाबाईचा तांब्या हातातच राहिला.

“आगं पर,” ओसरीवरून आश्रुबा चाचरत म्हणाला, “बंबानं सरपन तर खाल्लं न्हाई. माझा शब्द गेल्ता ना.”

“खाल्लं न्हाई, खरं हाय,” कडूबाई म्हणाली. “पर बंबानं पानी तरी कवा तापवलं? पानी उनात तापतं, काजळी फासलेल्या हंड्यात. आदी माळवदावर तापायचं, आता गंजीआड तापतंय. जाऊन बघा की.”

बद्रीनाथ गेला आणि बघून आला. त्यानं काही सांगायच्या आधीच गीताबाई घरात दडली होती. मग अंगणात जो हशा उठला त्यात पंडितसुद्धा होता. एकटी रतनबाई हसत नव्हती. ती विचारत होती, मग ते उगवतीला तोंड ठेवायचं काय होतं?

“आन ऐका पंडितराव,” कडूबाई आतूनच म्हणाली. “घागरी नगंत मला. त्या तांब्याच्या दोन पसरट डेगी घाला. बूड रुंद, वर झाकन. हिवाळ्याला चुलवनावर चालतील, उन्हाळ्याला माळवदावर. आन चकचकीत करून आनू नका. आमी काळ्याच करनार हाव.”

आपलं भांडं काळं करायला कुणी घेतं, हे ऐकून पंडितानं कपाळाला हात लावला. आश्रुबानं आणि त्यानं मिळून बंबाचं पाणी बादलीत काढून घेतलं, बादली न्हाणीच्या दारात ठेवली आणि बंब उचलून तट्टाकडं नेला. जाताना त्याची तोटी कुडाला अडकली, तेवढाच त्यानं विरोध केला.

आत बायडाबाई उभी होती. हातातला तांब्या तिनं पाटाशेजारी ठेवला. आपल्याच हुशारीनं आपण बंबाला गावापुढं निकामी ठरवलं, हे तिला आता समजत होतं. न जाळता पाणी तापतं, हे तिनंच घरादाराला शिकवलं. हंड्यात पाणी भरून उन्हात ठेवायला बायडाबाईच कशाला लागते? गीताबाई ठेवील. कुणीही ठेवील.

“तुला ठाव व्हतं?” ती हळू आवाजात म्हणाली.

“संशय तर शनवारपासनंच व्हता. माळवदावर कडी दिसली, वरून गंजीआडचे हंडे दिसले, तवा खातरी पटली. कुरडईला काजळी कवापासून लागाय लागली, वन्सं?”

“मग बोलली कावून न्हाईस?”

कडूबाईनं ओल्या पदराचं टोक पिळलं. “तुमाला लई गंमत यायलती,” ती म्हणाली. “मला बी यायलती. शनवारी बंबाला बाधलं तवा मी आत जाऊन पोट धरून हासले.”

बायडाबाईनं तेलाची वाटी उचलली, पुन्हा खाली ठेवली. मग जे पाडव्यापासून तिच्या पोटात होतं, ते तिच्या तोंडून निघूनच गेलं. “बंब गेला, कडू. मग आता माझं ह्या घरात काय ऱ्हायलं?”

कडूबाईला मान वळवता येत नव्हती. तिनं समोरच्या कुडाकडंच बघत विचारलं, “बंब चाललाय. तुमी कुठं चाललाव?”

तिनं हे इतकं साधं विचारलं, जसं घराबाहेर निघालेल्या माणसाला कुणीही विचारतं. तिला खरंच कळलं नव्हतं की ही बाई कसली धास्ती घेऊन बसली आहे. इतक्या वर्षांत आपली नणंद ह्या घरात कशाच्या जोरावर राहते, हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता. नणंद होती, म्हणून होती. बायडाबाईनं तेलाची वाटी पुन्हा उचलली. ती वाकून कडूबाईची पाठ चोळायला लागली. बाहेर तट्टाची घुंगरं लांब जात होती आणि रतनबाई आश्रुबाला अजून उगवतीचं विचारत होती.

कडूबाईनं पाठ जरा पुढं केली. मग म्हणाली, “वन्सं, थेंब थेंब काय घालताव पाठीवर? तांब्यानं घाला की.”

बायडाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि बादलीत तांब्या बुडवला.